बंद यंत्र उघडताना

बराच काळ उभ्या असलेल्या जहाजाच्या इंजिन रूममध्ये उतरलं की एक गोष्ट लगेच दिसते. सगळी गेजं शून्यावर असतात. तेलाचा दाब शून्य, फेरे शून्य, पाण्याचं तापमान बाहेरच्या हवेइतकं. चालत्या इंजिनाला काय होतंय ते कळावं म्हणून आपण किती साधनं बसवतो! दाब घसरला की अलार्म वाजतो, बेअरिंग तापलं की इंजिन आपोआप बंद होतं. उभ्या इंजिनाला काय होतंय हे सांगणारं मात्र त्यांतलं एकही नसतं. तिथे उरतात ते हात, नाक, टॉर्च आणि आधीच्या माणसानं काही लिहून ठेवलं असेल तर ती वही. माझी उमेदीची वर्षं चालत्या इंजिनांपाशी गेली. आता मी उभी इंजिनं तपासतो, आणि या कामावर माझा जास्त जीव आहे. यंत्र चालून झिजतं हे सगळ्यांना माहीत असतं. ते उभं राहूनही झिजतं, वेगळ्या जागी आणि वेगळ्या रीतीनं झिजतं, हे पटवून द्यायला मात्र प्रत्येक वेळी नव्यानं सुरुवात करावी लागते.

‘पण बडोद्यात समुद्र कुठे आहे?’ दांडिया बाजारात कुणी जुन्या ओळखीचं भेटलं की हा प्रश्न येतोच. समुद्र शहरात नसला तरी फार लांबही नाही. ओखामंडळ गायकवाडांच्या संस्थानात होतं आणि ओखा बंदर सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९२६ साली सुरू झालं. म्हणजे बडोद्याच्या कारभाराला धक्के आणि गोद्या नव्या नाहीत. आज सकाळी निघालं तर भरूचवरून दहेजला दोन-अडीच तासांत पोचता येतं. खाली तापीवर मगदल्ला आहे, आखाताच्या पलीकडे भावनगर. या पट्ट्यात जहाजं ओढणारे टग असतात, माल वाहणारे सपाट बार्ज असतात, गाळ काढणारे ड्रेजर असतात, सर्वेक्षणाच्या बोटी असतात. कंत्राट संपतं, पुढचं मिळत नाही, आणि बोट एखाद्या खाडीतल्या जेटीला बांधून ठेवली जाते. एक पावसाळा जातो, दुसरा जातो. मग अचानक काम येतं आणि मालकाला बोट आठवड्याभरात हवी असते. मला फोन येतो तो या टप्प्यावर.

खंभातचं आखात हे उभ्या बोटीसाठी कठीण ठिकाण आहे. भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, आणि ते पाणी येता-जाता एवढा गाळ उचलतं की बाटलीत भरून ठेवलं तर तळाशी चिखलाचा थर बसतो. दहेज ते घोघा ही फेरी २०१७च्या ऑक्टोबरात सुरू झाली होती. पुढे गाळामुळे दहेजला पुरेशी खोली राहीना, फेरी थांबली, आणि २०२०च्या नोव्हेंबरपासून ती हाजिऱ्याहून सुटू लागली. जिथे चालत्या बोटींची ही गत, तिथे खाडीत बांधलेली बोट दिवसातून दोनदा चिखलात बसते आणि दोनदा उचलली जाते. समुद्राचं पाणी आत घेण्यासाठी तळाला जी जाळीदार पेटी असते, सी चेस्ट, ती बाहेरून बार्नॅकलनी, म्हणजे चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांसारख्या जिवांनी, आणि आतून गाळानं भरत जाते. वर डेकवर उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं काहीही दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात पाहिलेल्या एका टगबद्दल सांगतो. दोन मुख्य इंजिनं, दोन जनरेटर, तीन वर्षांहून जास्त काळ उभी. मालक भले गृहस्थ. म्हणाले, ‘साहेब, नव्या बॅटऱ्या टाकल्यात, डिझेल भरलंय. तुम्ही फक्त एकदा स्टार्ट करून बघा, काय असेल ते लगेच कळेल.’ माझ्यासोबत आमच्याच वाड्यातला, नुकताच डिप्लोमा झालेला एक मुलगा होता. तोही हळूच म्हणाला, ‘काका, पाच मिनिटं चालवून बघायला काय हरकत आहे?’

हरकत आहे, आणि ती किती मोठी आहे हे मला पोटतिडकीनं सांगावंसं वाटतं. चालू करून बघणं याला लोक तपासणी समजतात. इंजिनाच्या सबंध आयुष्यातले सगळ्यांत धोक्याचे क्षण म्हणजे असे इतक्या काळानंतरचे पहिले दहा-वीस सेकंद. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा जो पातळ पडदा असतो, तो इंजिन उभं राहिलं की हळूहळू ओघळून खाली जातो. धातूवर धातू टेकलेला असतो. पंप तेल पुन्हा वर चढवेपर्यंत शाफ्ट कोरडा फिरतो. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर ते दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंधनपंपाची रॅक, म्हणजे किती डिझेल सोडायचं ते ठरवणारी दांडी, गंजून उघड्या स्थितीत अडकली असेल तर इंजिन सुरू होतं आणि वेग वाढतच जातो. वेग आवरणारा गव्हर्नर ओढतो, पण दांडी हलत नाही. यांतली कुठलीही गोष्ट घडली की जे बिघाड थोड्या पैशांत निघाले असते त्यांच्यासाठी इंजिनच उतरवावं लागतं. आणि शेजारी माणूस उभा असेल तर हिशेब पैशांपुरताही राहत नाही.

म्हणून बॅटऱ्यांच्या तारा काढून ठेवायला सांगितल्या आणि आम्ही आधी फनेल, म्हणजे धुराडी, बघायला वर गेलो.

एका इंजिनाच्या धुराड्याच्या तोंडावर जाड कॅनव्हास घट्ट बांधलेला होता, वर ग्रीस लावलेली दोरी. दुसऱ्याचं तोंड उघडं. तीन पावसाळ्यांचं पाणी त्यातून आत उतरलं असणार हे तिथेच कळलं. इंजिन थांबतं तेव्हा कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर सोडणारी झडप, उघडा राहतोच. त्यातून बाहेरची हवा सरळ लाइनरपर्यंत, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीपर्यंत, पोचते. धुराड्यात काजळी असते, काजळीत गंधक असतं, आणि दमट हवेत त्याचं आम्ल होतं. लोखंडाचा गंज हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की झपाट्यानं वाढतो. बडोद्यापासून दहेजपर्यंत पावसाळ्याचे महिनेच्या महिने हवा त्याच्या वरच असते. त्यात जहाजाचं जाड पोलाद रात्री गार होतं, सकाळची ओली हवा त्याला लागते आणि आतल्या बाजूनं दव धरतं. पाऊस थांबल्यावरही इंजिनाच्या पोटात असं पाणी सुटत राहतं.

आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली ठेवली तर गंज जवळजवळ थांबतो, हे नौदलांनी फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेनं शेकडो जहाजं बंद करून त्यांच्यात कोरडी हवा खेळती ठेवली. ‘मिझुरी’ ही युद्धनौका १९५५ साली बंद झाली आणि १९८६ साली पुन्हा सेवेत आली; १९९१च्या आखाती युद्धात ती लढली. एकतीस वर्षं ती नीट बंद केलेली होती, म्हणून उघडता आली. छोट्या टगच्या मालकाला एवढं परवडणार नाही हे मला कळतं. पण धुराड्याला कॅनव्हास बांधायला पैसे लागत नाहीत.

खाली आल्यावर क्रँककेसची, म्हणजे मुख्य शाफ्ट ज्यात फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पेटीची, दारं उघडायला घेतली. माझ्यासाठी तपासणीतला सगळ्यांत मोलाचा वेळ हा. दार निघालं की आधी वास घ्यायचा. चांगल्या तेलाचा वास ओळखीचा असतो. त्यात आंबूस, कुजकट छटा आली तर तेलात पाणी आहे आणि त्या पाण्यात जिवाणू वाढलेत हे बहुतेक वेळा खरं निघतं. मग टॉर्च आडवी धरायची. सरळ पाडलेल्या उजेडात खरखर दिसत नाही. आडव्या उजेडात प्रत्येक खड्ड्याला सावली पडते. मग तळाच्या तेलात हात घालून चाळायचं. बेअरिंगच्या पांढऱ्या धातूचे कण हाताला लागतात. ज्या मुलाला पाच मिनिटं चालवून बघायचं होतं, त्याचा हात मीच धरून आत नेला. बोटं एकमेकांवर चोळून बघ म्हटलं. पहिल्या इंजिनात काही नव्हतं. दुसऱ्यात बोटांवर बारीक चमक आली आणि तो एकदम गप्प झाला.

तेलात पाणी आहे का हे प्रयोगशाळा आकड्यांत सांगते, आणि नमुना पाठवायचाच. टक्क्याच्या अर्ध्यावर पाणी गेलं की ते तेल मी ठेवू देत नाही. पण अहवाल यायला वेळ लागतो, आणि बोटीवर गॅलीतला, म्हणजे स्वयंपाकघरातला, तवा असतो. तो चांगला तापवायचा, त्यावर तेलाचा एक थेंब टाकायचा. पाणी असेल तर तडतडतो. दुसऱ्या इंजिनाचं तेल तडतडलं.

यानंतर क्रँकचं डिफ्लेक्शन. क्रँकच्या दोन बाहूंच्या, म्हणजे वेबांच्या, मध्ये डायल गेज बसवून शाफ्ट हळूहळू फिरवायचा, ठरावीक जागी काटा किती हलला ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागात लिहायचं. शाफ्ट ज्यांवर टेकलाय ती बेअरिंग एका रेषेत आहेत की एखादं खाली बसलंय, ते यावरून समजतं. हे माप बोट तरंगत असतानाच घ्यायचं. चिखलात टेकलेल्या बोटीचा सांगाडा किंचित वाकलेला असतो आणि आकडे फसवतात; त्यामुळे आम्हाला भरतीची वाट बघावी लागली. आणि आधीचा कागद हवा. आजचा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही, तो मागच्या आकड्याशेजारी ठेवला की बोलतो.

बेअरिंगची एक गोष्ट इथेच सांगून घेतो, कारण ती मला तरुणपणी कुणी सांगितली नव्हती आणि मी ती प्रत्येक मुलाला सांगतो. जहाजावर एकाच कामाचे दोन पंप असतात, एक चालतो, एक राखीव. राखीव पंप वर्षानुवर्षं अजिबात न चालता खराब होतो, आणि त्याला खराब करतो शेजारचा चालता पंप. त्याची थरथर पायातून येते, उभ्या पंपाच्या बॉल बेअरिंगमधले गोळे एकाच जागी सूक्ष्म हलत राहतात, तिथलं ग्रीस बाजूला सरतं, आणि गोळे ज्या कड्यावर फिरतात त्या रेसवर गोळ्यांच्या अंतराएवढ्या अंतरावर खळगे पडतात. याला फॉल्स ब्रिनेलिंग म्हणतात. धातूवर कठीण गोळा दाबून त्याचा कठीणपणा मोजण्याची पद्धत स्वीडनच्या ब्रिनेल यांनी काढली, त्यात पडतो तसा हा खळगा दिसतो म्हणून. राखीव पंप गरज पडेल त्या दिवशी चालू केला की घरघरतो, आणि सगळे म्हणतात, ‘हा तर नवा होता, एक दिवस वापरला नव्हता.’ उपाय साधा आहे. दर आठवड्याला शाफ्ट हातानं फिरवायचा आणि थांबवताना आधीच्यापेक्षा वेगळ्या जागी थांबवायचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलतात, तेच कारण.

टगच्या पहिल्या इंजिनावर याचा पुरावाच होता. फ्लायव्हीलवर खडूनं केलेल्या खुणा, आणि कंट्रोल पॅनलला दोरीनं बांधलेली वही. वहीत मोडक्या इंग्रजीत आणि गुजरातीत तारखा होत्या: हातपंपानं तेल चढवलं, लोखंडी बार घालून इंजिन फिरवलं, अमुक जागी थांबवलं. इंडिकेटर कॉक (सिलिंडरवरच्या छोट्या तोट्या) उघडे ठेवले आहेत. फनेल झाकलं आहे, झाकण काढल्याशिवाय चालू करू नये. समुद्राचं पाणी काढून गोड्या पाण्यानं लाइन धुतली. सुरुवातीचं सुमारे दीड वर्ष या नोंदी नेमानं आहेत. मग एका पानावर तारीख आहे आणि पुढे काही नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, त्या महिन्यात पगार थांबला आणि इंजिनाचं तेलपाणी बघणारा ऑइलमन गावी गेला. दुसरं इंजिन तेव्हाच्या व्यवस्थापनानं ‘नंतर बघू’ म्हणून त्याच्याकडे दिलंच नव्हतं.

मी त्या माणसाला कधी भेटलेलो नाही. पण मी तपासत होतो ते त्याचं काम होतं. इंजिन बंद करणारा माणूस ते चालू होताना बहुधा तिथे नसतो. त्याला त्याचं श्रेयही मिळत नाही, कारण नीट बंद केलेल्या इंजिनात काहीच घडत नाही आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल कुणी विचारत नाही. तरी त्यानं झाकणावर दोरी बांधली, कॉक उघडे असल्याचं लिहिलं, म्हणजे पुढच्या अनोळखी माणसाच्या हातून चूक होऊ नये याची काळजी घेतली. वर्षानुवर्षं इंजिन रूममध्ये काढल्यावर मला कुशल माणूस ओळखायची हीच खूण वाटते. चालवताना सगळेच कुशल दिसतात.

सुएझ कालव्याची गोष्ट मला यासाठीच फार आवडते. १९६७च्या जूनमध्ये युद्ध पेटलं आणि कालवा बंद झाला. ग्रेट बिटर लेकमध्ये चौदा मालवाहू जहाजं अडकली ती आठ वर्षं. वाळवंटातली वाळू उडून डेकवर बसायची म्हणून त्यांना ‘पिवळा ताफा’ असं नाव पडलं. वेगवेगळ्या देशांच्या खलाशांनी एकत्र येऊन मंडळ काढलं, आपले स्टॅम्प छापले, खेळांच्या स्पर्धा भरवल्या. हे सगळं लोकांना ऐकायला आवडतं. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. जहाजं एकमेकांना बांधून घेतली, थोड्या माणसांवर बऱ्याच जहाजांची देखभाल चालू ठेवली, माणसं आळीपाळीनं बदलत राहिली. १९७५च्या मे महिन्यात ‘म्युन्स्टरलँड’ आणि ‘नॉर्डविंड’ ही दोन जर्मन जहाजं हॅम्बुर्गला पोचली, स्वतःच्या इंजिनावर. स्वतःच्या इंजिनावर मायबंदराला परतणारी तेवढी दोनच. आठ वर्षं खाऱ्या तळ्यात उभ्या राहिलेल्या इंजिनानं भूमध्य समुद्र आणि बिस्केचा उपसागर ओलांडणं काय असतं, हे ज्यानं तीन वर्षं उभं राहिलेलं इंजिन उघडून पाहिलं आहे त्याला विचारावं.

साचलेल्या समुद्राच्या पाण्याबद्दल थोडं. लोक समजतात वाहतं पाणी धातू खातं आणि साचलेलं निरुपद्रवी असतं. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत बरोबर उलट होतं. त्याचं गंजापासून रक्षण करणारा पापुद्रा टिकायला प्राणवायू लागतो. साचलेल्या पाण्यात, गाळाच्या थराखाली किंवा गॅस्केटच्या फटीत तो पोचत नाही आणि तिथे टाचणीच्या डोक्याएवढी भोकं पडतात. तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्यांचं दुखणं वेगळं. साचलेल्या घाण पाण्यात प्राणवायू संपला की सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात, सल्फाइड तयार होतं, आणि इंजिन गार ठेवणाऱ्या कूलरच्या ज्या नळ्यांनी वर्षानुवर्षं वाहत्या समुद्राचं पाणी सोसलं त्या काही महिन्यांत काळ्या पडून चाळण होतात. त्या टगचा पहिला कूलर गोड्या पाण्यानं धुऊन कोरडा ठेवलेला होता. दाब देऊन पाहिला, एक थेंब गळला नाही. दुसऱ्याचं झाकण काढलं तर आत काळा चिखल आणि सडक्या अंड्यांचा वास.

त्या वासावरून टाक्यांकडे वळतो, आणि इथे मला थांबून बोलायचं आहे. आतापर्यंत मी हात आणि नाक यांवर भर दिला. बंद टाकीच्या तोंडाशी हे दोन्ही कुचकामी आहेत. लोखंड गंजतं म्हणजे ते हवेतला प्राणवायू घेतं. रिकामी बॅलास्ट टाकी, म्हणजे बोटीचा तोल राखायला पाणी भरतात ती, झाकण घट्ट लावून वर्षभर ठेवली तर आतली भिंत गंजत राहते आणि आतली हवा श्वास घेण्यालायक राहत नाही. तिला रंग नसतो, वास नसतो, टॉर्चच्या उजेडात ती स्वच्छ दिसते. बाहेर प्राणवायू २०.९ टक्के असतो. आत तो दहाच्या खाली गेला असेल तर उतरणाऱ्या माणसाला धाप लागल्याची जाणीवही नीट होत नाही, शुद्ध जाते. वरचा माणूस त्याला पडलेला बघतो आणि वाचवायला शिडीवरून धावत उतरतो. जगभरच्या जहाजांवर असे मृत्यू होतात आणि अनेकदा दुसरा देह वाचवायला गेलेल्याचाच असतो. सल्फाइडचा वायू असेल तर पहिल्यांदा सडक्या अंड्यांचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे हवा शुद्ध झाली असं वाटतं.

म्हणून टाकी उघडायची, पंखा लावून हवा खेळवायची, मीटर दोरीनं खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजायचं, आणि २०.९ दिसल्याशिवाय कुणीही आत जायचं नाही. उतरल्यावर तोंडाशी एक माणूस उभा, आणि काहीही झालं तरी एकट्यानं आत न जाण्याची त्याला ताकीद. त्या दिवशी मालक म्हणाले, वेळ जातोय. मी त्यांना हे सगळं सांगितलं, आणि त्यांनी स्वतः पंख्याची वायर जोडून दिली. माणसं ऐकतात. त्यांना कारण सांगावं लागतं.

विजेचा भाग मी लवकर उरकतो, कारण त्यात गूढ काही नाही. चारशे चाळीस व्होल्टच्या मोटरीला पाचशे व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावायचा. एक मेगओमच्या खाली आकडा आला तर ती चालवायची नाही, सुकवायची. आत दिवे लावून, झाकण थोडं उघडं ठेवून, दर काही तासांनी पुन्हा मोजायचं. गंमत म्हणजे गरम होऊ लागलेल्या ओल्या मोटरीचा आकडा आधी घसरतो आणि मग चढतो. माहीत नसलेला माणूस घसरण बघून घाबरतो किंवा दिवे काढून टाकतो.

हेच २०२४च्या ऑगस्टअखेर बडोद्यात घराघरांत उपयोगी पडलं. विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, मगरी रस्त्यावर दिसल्या, त्याची छायाचित्रं देशभर गेली. पाणी ओसरल्यावरचे दिवस कुणी छापले नाहीत. सोसायट्यांच्या तळघरांत पाण्याचे पंप, लिफ्टच्या मोटरी, जनरेटर चिखलात बुडालेले होते आणि वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं पाण्याविना. साहजिकच प्रत्येकाला स्विच दाबून बघायचा होता. मोटर वरून वाळलेली दिसते, वाइंडिंगच्या आत पाणी असतं. आमच्या भागात मी आणि ओळखीचे दोन-तीन वायरमन मेगर घेऊन फिरलो. मोटरी सोडवल्या, गोड्या पाण्यानं गाळ धुतला, बेअरिंग काढली, दिव्यांखाली सुकवल्या. बऱ्याच वाचल्या. ज्या आधीच चालू करून बघितल्या होत्या त्या रिवाइंडिंगला, म्हणजे तारा नव्यानं गुंडाळायला, गेल्या, आणि त्या दिवसांत रिवाइंडिंगच्या दुकानांबाहेर मोटरींची रांग फुटपाथवर आली होती. जहाजावरचं शिक्षण शहरात असं कामी येईल हे माझ्या मनात नव्हतं, पण ज्या तळघरातून पंपाचा आवाज पुन्हा आला तिथे मला फार समाधान वाटलं.

परत टगवर. पहिल्या इंजिनाचे रबरी होज कडक झाले होते, सी वॉटर पंपाचा रबरी इम्पेलर एका बाजूला दबून तसाच राहिला होता, शाफ्टभोवतीची गळती रोखणारं ग्लँड पॅकिंग वाळलेलं. हे सगळं वयाचं आहे, कितीही काळजी घेतली तरी रबर म्हातारं होतं. ते बदललं. डिझेलच्या टाकीच्या तळाचं पाणी आणि त्यातलं शेवाळी बुळबुळीत द्रव्य काढलं. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे बुरशी वाढते आणि फिल्टर तुंबवते. दुसऱ्या इंजिनाची हेड उतरवली. दोन लाइनरवर पिस्टन रिंग जिथे थांबल्या होत्या तिथे गंजाचे पट्टे होते, नखाला अडकतील एवढे खोल. तिथून नवी रिंग रोज हजारो वेळा जाणार होती. लाइनर बदलले, एक मेन बेअरिंग बदललं. पंपाचा खाल्लेला शाफ्ट मकरपुऱ्याच्या वर्कशॉपमध्ये भरून, ग्राइंड करून आणला. तिथले जुने कारागीर हे काम हातचं समजून करतात.

चालू करायच्या दिवशीही मी घाई करू दिली नाही. हातपंपानं तेल चढवायचं, प्रत्येक बेअरिंगच्या कडेनं ते ठिबकतंय ते दारातून बघायचं. रॅक हातानं पूर्ण मागे-पुढे सरकवायची. इंडिकेटर कॉक उघडे ठेवून बारनं दोन पूर्ण फेरे द्यायचे. पाणी असेल तर तिथून येतं. मग कॉक उघडेच ठेवून स्टार्टरनं एकदा झटका. मग कॉक बंद, आणि स्टार्ट. दहा मिनिटं बिनभारानं चालवलं आणि थांबवलं.

थांबवल्यावर मुलगा लगेच क्रँककेसच्या नटाला पाना लावायला गेला, बेअरिंग हातानं बघायची घाई. मी त्याला थांबवलं आणि ‘रेना देल पॅसिफिको’चं नाव सांगितलं. युद्धात सैनिक वाहिलेलं प्रवासी जहाज, मोठ्या दुरुस्तीनंतर १९४७च्या सप्टेंबरात बेलफास्टजवळ चाचणीवर होतं. एक पिस्टन तापला, क्रँककेसमधल्या तेलाच्या धुक्यानं पेट घेतला, आणि इंजिन रूममधली अठ्ठावीस माणसं गेली. उभं राहून, दुरुस्त होऊन परत येणाऱ्या इंजिनाच्या चाचणीतच हे घडलं. आज मोठ्या इंजिनांच्या क्रँककेसला स्फोटाचा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात, त्यामागे असे अपघात आहेत. आतला भाग तापलेला असताना दार उघडून ताजी हवा आत सोडायची नाही. आम्ही अर्धा तास चहा घेत बसलो, मग दारं उघडली. प्रत्येक बेअरिंगला हात लावला. सगळी सारखी कोमट. पुन्हा अर्धा तास चालवलं, पुन्हा थांबलो, पुन्हा उघडलं. तेलाचे फिल्टर काढून कापून पाहिले. दुसऱ्या इंजिनाच्या फिल्टरमध्ये थोडी चमक होती, जुनी, धुऊन आलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं तेव्हा नव्हती. तिसऱ्या दिवशी भरतीला टग बाहेर काढला.

त्याच मालकांचा दुसरा एक टग या महिन्यात काम संपून खाडीत बांधला जाणार आहे. त्यांनी त्यासाठी एक ऑइलमन कायम ठेवायचं कबूल केलं आहे, आठवड्यातून दोन दिवस, पगार चालू. आधीच्या ऑइलमनचा पत्ता काढायला माणूस पाठवला आहे. त्याला यायचं असेल तर पहिला हक्क त्याचा. मी गुजरातीत एक कागद तयार करून दिला आहे: दोन्ही फनेलना कॅनव्हास, समुद्राच्या पाण्याच्या सगळ्या लाइन गोड्या पाण्यानं धुऊन कोरड्या, राखीव पंपांसकट सगळे शाफ्ट दर आठवड्याला हातानं फिरवायचे, टाक्यांच्या झाकणांवर हवा मोजल्याशिवाय उतरू नये असं लाल रंगात, आणि वही पॅनललाच बांधलेली. पुढच्या आठवड्यात भरती सकाळी आहे. तेव्हा बोट तरंगत असताना पहिलं डिफ्लेक्शन घ्यायला मी आणि तो मुलगा जाणार आहोत, म्हणजे पुढे उघडणाऱ्याला शेजारी ठेवायला एक आकडा असेल.